शिवणीपुरता समास

१७ फेब्रुवारी

चि. महर्षींस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारखंच, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गच्च भरलेलं. आईने ते उजेडात धरलं आणि म्हणाली की प्रयोगशाळेत जंतू वाढवता वाढवता या मुलाचं अक्षरही जंतूंसारखंच पसरायला लागलंय, शिवणीला समास सोड म्हणून याला किती वर्षं सांगायचं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की कागद तिने स्वतः धरला होता, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत. मी बघतच राहिले.

सांध्यांवरचं ते नवं इंजेक्शन लागू पडलंय. बोटांची सूज उतरली, सकाळचा ताठरपणा गेला. परवा तिने स्वतःची बटणं स्वतः लावली. काल सुईत दोरा ओवला, तोही चष्मा न लावता, मला जळवायला. इतकी वर्षं तिची बटणं, तिचा कंगवा, तिचा चमचा सगळं माझ्या हातांनी झालं. लोकांना वाटेल की हे बघून मला आनंदाने रडू आलं असेल. मला आली झोप. कामावरून येऊन खुर्चीत टेकले ती जेवायच्या वेळेलाच उठले. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना शेवटची ओळ वाचायला सांगायची आणि घरी येऊन दुसऱ्या पाळीला उभं राहायचं, हे किती साचलं होतं ते त्या झोपेने कळलं.

उठून बघते तर बाईसाहेबांनी पलंगाखालची पेटी ओढून काढली होती. तुला आठवतंच, आपल्याकडे वर्ष संपलं की त्या वर्षाची सगळी पत्रं, तू परत पाठवलेली आमचीही, आई शिवायची, पुठ्ठा चढवून, कण्यावर सालाचा आकडा घालून. तिच्या बाइंडिंगच्या दुकानात लोकांची पुस्तकं बांधायची आणि घरी आपली पत्रं. म्हणूनच तर आपल्या घरात महत्त्वाचं काही फोनवर सांगायचं नाही, कारण फोन शिवता येत नाही. तिचे हात मिटल्यापासूनची सगळी पत्रं त्या पेटीत सुटी पडली होती. आता ती हिशेबाने वर्षं लावत बसली आहे.

तू शंका काढत बसू नकोस. इंजेक्शनच्या आधी क्षयासाठी हातावर टोचून चाचणी केली होती, ती कोरी आली. छातीचा फोटोही ठीक होता. ते कागद तू स्वतः बघितलेस आणि पुढे जायला हरकत नाही म्हणालास. आता थोडे दिवस बरं वाटू दे आम्हाला.

लोभ आहेच, त्याची आठवण मधूनमधून राहू दे.
तुझी ताई

* * *

८ मार्च

चि. बाळास,
अ. उ. आ.

हे अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर जरा लाज वाटू दे. याच अक्षराने तुला मुळाक्षरं गिरवून दिली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या तर दोन्ही मुठी झाकलेल्या होत्या, तरी कुणी मला श्रीमंत म्हटलं नाही. आता उघडल्या आहेत तर कामाला लावल्या आहेत. खिडकीपाशी टेबल ओढून घेतलंय. खळ घरीच शिजवते, बाजारच्या डिंकाने कागद आखडतो. दोऱ्याला मेण लावते, आरीने भोकं पाडते, घडी दाबायची ती हाडाची पट्टी सापडली तीही घेतली. बोटं अजून पूर्वीइतकी चपळ नाहीत, पण विसरलेली नाहीत. तुझी पत्रं शिवणं म्हणजे शिक्षा आहे. समास नाही म्हणून टाका शब्दातच जातो. मागच्या एका वर्षात तुझी अर्धी तब्येत कण्यात गेली, पुढच्या पिढीला नुसतं कळेल की तुला कसलातरी त्रास होता.

ताई माझ्यावर पहारा ठेवते. जेवले का, किती जेवले, झोपले का. म्हातारपणी भूक कमी झालेलीच बरी. खोकला आहे थोडा, तो जुन्या कागदांच्या धुळीचा आहे. बंद पेटीतले कागद बाहेर काढले की असं होतंच, पेशाचा आजार आहे तो. तिला सांगू नकोस, ती उगाच डॉक्टरांकडे पळते. मला सगळी वर्षं लवकर शिवून टाकायची आहेत. एकदा शेवटचं वर्ष बांधून दोरा कापला की मी मोकळी.

तू जंतूंमधला शहाणा, म्हणून सहज विचारते. लहानपणी एखाद्या आजारी माणसाच्या अंथरुणात आपण झोपलो असू, तर त्या माणसाचा आजार आपल्या अंगात किती वर्षं राहू शकतो? एका ओळखीच्या बाईंना हवं होतं. सवडीने कळव.

जेवत जा. लोभ ठेवतोस हे ठाऊक आहे, समासही ठेव.
आई

* * *

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. तिचं अक्षर बघून मी पत्र उघडायच्या आधी पाकीटच दोनदा वाचलं. आणि पत्र वाचून झाल्यावर माझं कामात लक्ष लागेना. आईला ओळखीच्या बायका किती आहेत ते आपल्याला माहीत आहे, आणि त्यांच्यासाठी ती काही सहज विचारत नाही हेही.

फोन करणारच आहे. पण फोनवर आई शेजारी बसलेली असते आणि तू नुसती हं हं करतेस, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर, जन्मभर. मी ज्या खोलीत काम करतो तिथे बाटल्यांमध्ये क्षयाचे जंतू वाढवतो. इतर जंतू एका दिवसात वाढतात, याची वाट बघत आठवडे जातात. त्याला कसली म्हणून घाई नसते. तो छातीत शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग आणखी पेशी गोळा होतात आणि त्याच्याभोवती भिंत बांधून बसतात. तो मरत नाही, आपण जिंकत नाही. बहुतेक माणसं आतला जंतू आतच ठेवून म्हातारी होतात आणि दुसऱ्याच कशानेतरी जातात. पण ती भिंत एकदा बांधून भागत नाही. तिथे रोज माणूस उभा लागतो. पेशी एकमेकींना जागं राहा, जागं राहा असा निरोप देत राहतात, त्यावर ती टिकते.

आता आईच्या बोटांचं. तिच्या अंगातली हीच संरक्षणाची फौज चुकून तिच्याच सांध्यांवर उठली होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात तसं. ते इंजेक्शन काय करतं, तर तो जागं राहा म्हणणारा निरोपच वाटेत अडवतं. बोटांवरचा हल्ला थांबतो. पण छातीत कुठे जुनी भिंत असेल तर तिथलेही राखणदार जागा सोडतात. म्हणून आधी चाचणी करतात. ती कोरी होती, म्हणून मी हो म्हटलं होतं.

ताई, संध्याकाळी तिचा ताप बघ. ती नको म्हणाली तरी बघ. मानेला हात लावून बघ. आणि ती डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेते का ते शोध. इथे दोघं रजेवर आहेत, मास्कचे वळ नाकावर कायमचे उमटलेत, तेव्हा मी लगेच निघू शकत नाही. लांबून शहाणपण शिकवणारा उंटावरचा शहाणा म्हण हवं तर. पण बघ.

तुझ्यावर सगळं टाकूनही लोभ मागतो आहे.
तुझा धाकटा

* * *

२६ मार्च

चि. महर्षींस,
अ. आ.

तुला फोनवर कळलं आहेच. पण फोनवर मी नीट बोलले नाही, आणि काही गोष्टी आईसमोर बोलता येत नव्हत्या.

ताप होता. रोज संध्याकाळी. तिला महिनाभर माहीत होतं. संध्याकाळी मी यायच्या वेळेला ती शाल पांघरून खिडकीशी काम करत बसायची आणि मला वाटायचं, कामाने चेहरा खुलला आहे. गाल लाल होते ते तापाने. मानेला डाव्या बाजूला लिंबाएवढी सूज आहे, ती कॉलरखाली दडवलेली. फुप्फुसाभोवती पाणी झालंय. सुईने काढलेलं पाणी आणि मानेतला नमुना तपासून आला. क्षयच आहे. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं की घरात पूर्वी कुणाला हा आजार होता का. मागच्या वेळी याच प्रश्नाला तिने ठामपणे नाही म्हटलं होतं आणि मीही मान हलवली होती. या वेळी तिने नाही म्हटलं नाही. मग म्हणाली की थोरल्या बहिणीला होता. आपली थोरली मावशी, जी छातीच्या अशक्तपणाने गेली असं आपण आयुष्यभर ऐकलं, तिला क्षय होता. आई तेव्हा लहान होती. दोघी एका अंथरुणात झोपायच्या, आणि शेवटी शेवटी तर मावशी हिच्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीही घेत नसे. ती गेल्यावर घरच्यांनी आईला बजावलं की हा शब्द तोंडातून काढायचा नाही, नाहीतर तुझं लग्न होणार नाही. आता तिचं लग्न झालं, संसार झाला, आपले बाबाही जाऊन वर्षं झाली, तरी ती आपली शब्द पाळते आहे.

आणखी एक. न्याहारीनंतर ती पित्ताची म्हणून जी बारीक पांढरी गोळी घ्यायची, ती पित्ताची नव्हती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुखण्यावर म्हणून दिली होती. डॉक्टरांनी बघितली आणि कपाळाला हात लावला. स्टेरॉइड आहे म्हणाले. हात अगदीच मिटू नयेत म्हणून ती ते वर्षानुवर्षं गुपचूप घेत होती.

मी तिच्यावर ओरडले. कधी ओरडले नव्हते इतकी. विचारलं की ताप लपवलास का. तिने शांतपणे सांगितलं की ताप सांगितला असता तर इंजेक्शन बंद झालं असतं, आणि शेवटच्याच वर्षाची पत्रं शिवायची राहिली होती. पत्रं, महर्षी. आपल्या कशातच काही नसलेल्या पत्रांसाठी. नळ गळतो, छत्री हरवली, दात दुखतो असल्या पत्रांसाठी तिने छातीत पाणी होऊ दिलं. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदम पेलेना, तेव्हा मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

माझी आणि घरी येणाऱ्या दुकानातल्या सोबतिणीची तपासणी झाली. आम्ही ठीक आहोत. मी थकले आहे, इतकंच. लिहीत राहा.
ताई

* * *

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला आणखी ओरडू नकोस. माझ्या वाटचंही तूच ओरडून घेतलंस.

चाचणी कोरी का आली ते आता कळलं. त्या चाचणीत हाताच्या कातडीखाली जंतूचा मेलेला अंश टोचतात आणि शरीराला विचारतात की याला ओळखतोस का. शरीर ओळखत असेल तर ती जागा फुगते. आईचं शरीर त्याला चांगलं ओळखत होतं, लहानपणापासून. पण त्या पांढऱ्या गोळीने राखणदारांना इतकी गुंगी आणली होती की प्रश्न विचारला तेव्हा उत्तर द्यायला कुणी जागंच नव्हतं. आपण त्या गप्प बसण्यालाच ‘नाही’ हे उत्तर समजलो. मीही तेच समजलो, आणि माझं तर कामच हे आहे. कागद बघताना ती आणखी काय घेते हे मी एका शब्दाने विचारलं नाही. ते मला खात राहणार, त्याला तुझा इलाज नाही.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या हे बरं झालं. मोठ्या आहेत, पोट बिघडवतात, तरी एकही चुकता कामा नये. अर्धवट मारलेले जंतू उरतात, आणि उरलेले औषधाला बधत नाहीत. असल्या बाटल्या मी रोज बघतो. त्यातली एखादी आईची झालेली मला बघायची नाही.

बोटं पुन्हा दुखायला लागतील, त्याची तयारी ठेव. इंजेक्शनचा असर ओसरेल. तिला आधी सांगून ठेव, किंवा नको, तूच ठरव. तू तिथे आहेस, तुला कळतं.

तुझ्या झोपेचीही काळजी वाटते. लोभ आहे, तो लांबून कितपत उपयोगी पडतो कोण जाणे.
तुझा धाकटा

* * *

५ मे

चि. महर्षींस,
अ. आ.

मी हात टेकले. हे पत्र नीट वाच, आणि माझ्याऐवजी आईला लिही.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही दिवस ताप उतरला. मला वाटलं, सुटलो. मग तो परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. मानेची सूज दुप्पट झाली, लाल झाली, तिथे हात लावू देत नाही. आणि बोटांचं तर विचारूच नकोस. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आईचं म्हणणं, आजार होता तेव्हा मी टेबलाशी बसत होते, औषध सुरू झालं आणि मी अंथरूण धरलं, तेव्हा विष कोणतं ते लहान पोरालाही कळेल. खोटं कशाला बोलू, रोज सकाळी गोळ्या तिच्या तळहातावर ठेवताना मलाही तसंच वाटायचं.

परवा खळीचा डबा फेकायला काढला. खळ वाळून खडखडीत झाली होती. त्यात गोळ्या चिकटलेल्या होत्या. ती तोंडात धरायची, मी पाठ फिरवली की काढून त्यात दाबायची. बाईंडरीण ती, चिकटवायला शिकवावं लागत नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुन्हा तपासलं आणि सांगितलं की आजार वाढलेला नाही, शरीर जागं झालं आहे. इंजेक्शन थांबलं, राखणदार परत कामावर आले आणि आता सगळे एकदम तुटून पडलेत, म्हणून ताप आणि सूज. ती निवायला त्यांनी थोड्या दिवसांसाठी काय दिलं असेल? तीच पांढरी गोळी. आई हसली. म्हणाली, मी घेतली ती चोरी आणि यांनी दिलं ते औषध. मग तिने ती आणि क्षयाच्या गोळ्या, दोन्ही घ्यायला नकार दिला.

तिला इंजेक्शन परत हवं आहे. ती मला समजावून सांगते, अगदी शांतपणे, मीच लहान असल्यासारखी. म्हणते की मुठी मिटून वर्षानुवर्षं पडून राहण्यापेक्षा हात उघडे असलेले थोडे महिने मला पुरे, तेवढ्यात मी ते शेवटचं वर्ष बांधून घेईन. मी म्हटलं आमचं काय. म्हणाली की तुमची पत्रं बांधून ठेवली आहेत ना.

 सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि या पिळाला मी रोज अंघोळ घालते, रोज भरवते. तुझं पत्र ती अजूनही भिंग घेऊन वाचते. लौकर लिही.
ताई

* * *

१० मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईने सगळं कळवलं. तुला रागावायला बसलो होतो, पण तीन कागद फाडले.

औषध घेतल्यावर ताप वाढू शकतो हे मी आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. तुला वाटलं गोळ्यांनी फसवलं. आई, आधीचा ताप जंतूंचा होता. हा ताप तुझा आहे. तुझ्या अंगाने तो पेटवला आहे. इतके महिने झोपवून ठेवलेलं शरीर जागं झालं आणि त्याने मावशीपासून सांभाळलेला तो जंतू पुन्हा ओळखला. ते आता सारासार न बघता मारत सुटलं आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी देतं आहे, तुझ्या बोटांनाही आणि मानेलाही. म्हणून ती पांढरी गोळी. शरीराला झोपवायला नाही, जरा दमाने घ्यायला. तू एकटी गुपचूप घेत होतीस तेव्हा जंतूंना मारणारं औषध सोबत नव्हतं. आता आहे. फरक एवढाच आहे आणि तो जीवनमरणाचा आहे.

गोळ्या नाही घेतल्यास तर तुला ते महिने मिळणार नाहीत. तुला वाटतं थोडे महिने, उघडे हात, खिडकीपाशी टेबल. तसं होत नाही. गोळ्या अशा मध्येच सोडलेली माणसं ज्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत उरतात त्या मी रोज हाताळतो. इंजेक्शन परत घेतलंस तर हात उघडे राहतील, पण सुई धरायला त्यांच्यामागे माणूस उरणार नाही.

हात पुन्हा मिटतील. हे मी गोड करून सांगू शकत नाही. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर डॉक्टर दुसरं काही देतील, कदाचित त्याने थोडे उघडतील, कदाचित नाही. तुझे हात म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी त्या दुकानात पुठ्ठ्यांच्या ढिगावर झोपून मोठा झालो. तरी मला तुझे हात मागायचे नाहीत. मला तू हवी आहेस. मिटलेल्या मुठींची, खेकसणारी, माझ्या अक्षराला नावं ठेवणारी. बांधून ठेवलेल्या पत्रांशी मला भांडता येत नाही.

या पत्राला समास सोडला आहे. मोजून बघ. हे पत्र मी शिवण्यासाठी लिहिलं आहे, आणि ते वर्ष संपल्यावरच शिवायचं असतं, हा तुझाच नियम. तोवर तुला थांबावं लागेल.

तुझ्या लोभावर वाढलेला,
बाळ

* * *

२१ मे

चि. बाळास,
अ. उ. आ.

हे मी सांगते आहे आणि ताई लिहिते आहे. बोटांत पेन राहत नाही. ताई मध्ये स्वतःचं काही घालेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. (घालणार आहे. ताई.)

तुझं पत्र वाचलं. भिंगाची गरज लागली नाही, अक्षर सुटं होतं. समास पाहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मरणाची भीती घातल्याशिवाय माणसं साध्या गोष्टी शिकत नाहीत. (पत्र वाचून झाल्यावर तिने ते तोंडावर धरलं होतं. उजेड टाळायला म्हणते.)

गोळ्या घेते. ताईसमोर घेते, तोंड उघडून दाखवते. शाळेतल्या पोरासारखं. या वयात ही शोभा. माझ्या दोन अटी आहेत. पहिली, ताईला पंधरवड्यातून एक रविवार सुट्टी. त्या दिवशी नर्स येईल, ताई झोपेल किंवा कुठेही जाईल, मी विचारणार नाही. (हे मी तिला बोलायला लावलेलं नाही. ऐकून माझंच पेन थांबलं.) दुसरी, ताईने शिवायला शिकायचं. माझ्याकडे आता तोंड आहे, हात तिचे घेईन.

तू त्या पांढऱ्या पेशींचं ताईला लिहिलं होतंस, गिळतात पण पचवू शकत नाहीत, म्हणून भिंत बांधून बसतात. ते मी वाचलं होतं. तिची पत्रं मी नेहमी वाचते. बहीण गेली तेव्हा मी तसंच केलं. आत ठेवलं आणि भोवती काम करत बसले. मला वाटायचं ती गोष्ट संपली. तिच्या अंगावरच्या चादरीचा वास मला अजून आठवतो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

हा ताप माझा आहे म्हणालास. मग ठीक आहे. माझ्या वस्तू मी नीट वापरते.

लोभ आहे, काढून घेतलेला नाही.
आई, हस्ते ताई

* * *

२८ नोव्हेंबर

चि. महर्षींस,
अ. आ.

उशीर झाला लिहायला. लिहिण्यासारखं रोज काही घडत नव्हतं, आणि ते बरं होतं. ताप गेला तो गेलाच. मानेची सूज फुटली, वाहिली, आता तिथे सुरकुतलेला वण आहे. छातीचा फोटो स्वच्छ आहे, हे तू बघितलंसच. या वेळी ती काय काय घेते ते तू तीनदा विचारलंस, तेही लक्षात आहे. गोळ्या आणखी थोडे महिने चालतील. मग डॉक्टर हातांसाठी दुसऱ्या जातीचं काही देऊन बघणार आहेत. आई त्याबद्दल एक अक्षर विचारत नाही.

हात मिटले आहेत. उजव्याची तर्जनी आणि अंगठा तेवढे चिमटीपुरते जवळ येतात, तेही उन्हात बसली तर. बटणं पुन्हा माझ्याकडे आली. त्याचं मला पूर्वीइतकं ओझं वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं. वाटतं, आणि मी लावते. रविवारी नर्स येते तेव्हा मी बाजूच्या खोलीत दार लावून झोपते. बाहेर जाईन म्हटलं होतं, पण अजून झोपच भरून निघालेली नाही.

शिवायला बसले की आई शेजारी असते आणि तिची जीभ आरीपेक्षा टोकदार आहे. टाका ओढला की ओढलास कशाला, सैल सोडला की सोडलास कशाला. तिच्या मते मी पुस्तक शिवत नसून पोत्याला टाके घालते आहे. पण शेवटचं जे वर्ष राहिलं होतं ते बांधून झालं, आणि आता नियम मोडून हे चालू वर्ष हातात घेतलं आहे, पत्र येईल तसं शिवत जायचं. यात सगळं येणार, तू परत पाठवलेलं तिचं ते खोकल्याचं पत्रही आणि माझं ओरडल्याचंही. मी म्हटलं की माझं एक वगळूया. ती म्हणाली की वर्षातून पान काढता येत नाही, शिवण ढिली होते.

तू पुढच्या महिन्यात येतो आहेस म्हणून तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. तेव्हा ये. मुद्दाम घेऊन यायचं असेल तर मेणाचा दोरा आण. सोबत आईचं एक पत्र ठेवते. ते तिने मला दाखवलेलं नाही. दुपारी उन्हात बसून कितीतरी वेळ काहीतरी करत होती, मला तिकडे फिरकू दिलं नाही.

लोभ तर आहेच, आता तोही येतानाच घेऊन ये.
ताई

* * *

चि. बाळास,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे. वाच.

या वर्षाच्या पहिल्या पानावर मावशीचं नाव घालायचं आहे. ती कशाने गेली तेही. ताईला सांगता आलं असतं पण हे मलाच लिहायचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीला क्षय झाला होता. मी तिच्याजवळ झोपत असे.

ताईचे टाके वाकडे आहेत पण धरतील. ती या वर्षाचा दोरा कापायला निघाली होती. मी कापू दिला नाही.

पुढचं पत्र पाठव. समास सोड.

आई